शुक्रवारचा ठराव

वत्सले, परवा तुझी शोकसभा झाली आणि मी अजून धुसफुसतेच आहे. अंधेरीच्या शाळेचा हॉल होता. तुझ्या फोटोला झेंडूचा एवढा जाड हार घातला होता की हनुवटीखाली तू दिसतच नव्हतीस. सात वक्ते बोलले. त्यातल्या पाच जणांनी तुला 'सभागृहाची माता' म्हटलं. तू असतीस तर दुसऱ्यालाच घंटा वाजवून खाली बसवलं असतंस. एक मंत्री आले होते, ते म्हणाले, "अशी स्त्री पुन्हा होणे नाही." त्यावर टाळ्या पडल्या, शोकसभेत. मी शेवटच्या रांगेत बसून मनाशी म्हटलं, होणे नाही म्हणजे तुम्ही होऊ देणार नाही. तुझ्या जागी कोणाला उपसभापती करायचं ते ठरलंसुद्धा आहे म्हणतात, आणि त्याला मिशा आहेत.

मग स्मारकाचा विषय निघाला. एक म्हणाले अर्धपुतळा बसवू, दुसरे म्हणाले स्टेशनजवळ कमान उभारू. प्रसूतिगृह हा शब्द कोणाच्या तोंडून आला नाही. मी हात वर केला तर संयोजक म्हणाले, "नर्सबाई, वेळ फार झाली, लेखी द्या." आयुष्यभर लेखीच देत आले मी. म्युनिसिपालिटीला लेखी दिलं, सरकारला लेखी दिलं, आणि तुझ्या हाती तर बाडंच्या बाडं दिली.

आणि वाकोल्याची एकही बाई आली नव्हती. तू ज्यांच्या जिवावर निवडून आलीस, त्यांच्यातली एकही. हॉलमध्ये कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, कारण त्या का आल्या नाहीत ते मला ठाऊक होतं. ते मी तुला सांगणारच आहे. पण एकदम जीभ वळत नाही, म्हणून आधीपासून सुरुवात करते.

आपली ओळखच मुळी एका बाळंतपणात झाली. मी दवाखान्यातली सुईण, वाकोल्याच्या चाळीत भागीरथीच्या सुनेपाशी बसले होते. तू वकिलाची बायको, महिला मंडळातर्फे जुने कपडे वाटायला आली होतीस. मी तुझ्याकडे न बघताच म्हटलं, "कपडे ठेवा तिकडे आणि पाणी तापवा." तू पदर खोचून खरंच चुलीपाशी बसलीस. पाणी तापलं, पातेलं घेऊन आत आलीस, समोर काय चाललंय ते पाहिलंस आणि पातेल्यासकट आडवी झालीस. मूल मी एका हातानं सावरलं आणि तुला दुसऱ्यानं. शुद्धीवर आल्यावर माफी नाही, लाज नाही, पहिला प्रश्न केलास, "इथे प्रसूतिगृह का नाही?" मी म्हटलं, "ते तुमच्यासारख्यांनी विचारायचं, मला कोण उत्तर देतंय?" तू म्हणालीस, "बरं. मी विचारते."

आणि विचारलंस, एवढं मात्र खरं. त्यासाठी निवडणुकीला उभी राहिलीस. पक्षाच्या लोकांना वाटलं होतं, बाई शोभेला बरी. तुझ्या प्रचाराला मोटार नव्हती, लाउडस्पीकर नव्हता. हळदीकुंकू होतं. चाळीचाळीत आपण ते घातलं. बायका यायच्या, वाण म्हणून तू प्रत्येकीच्या हातात मूठभर गहू आणि तिच्या नावाची चिठ्ठी द्यायचीस, यादीत तिचं नाव कुठे आहे, मत कुठे टाकायचं ते लिहिलेली. एका बाईच्या नवऱ्यानं दारातून विचारलं होतं, "हे हळदीकुंकू आहे का राजकारण?" तू त्याच्याही हातावर गहू ठेवलेस. भागीरथीनं तर तुझ्यासाठी अख्खी चाळ मतदानाला चालवत नेली, सासवासुनांसकट. त्या दिवशी तुझ्याइतका आनंद मला कोणी दिला नाही, हेही लिहून ठेवते, कारण पुढे मी फक्त रागाचंच बोलणार आहे.

सभागृहात तू सारखी उठायचीस. प्रत्येक अधिवेशनात उपनगरातल्या प्रसूतिगृहाचा प्रश्न. मंत्री म्हणायचे, विचार चालू आहे. तू उपप्रश्न विचारायचीस, "तो विचार कितव्या महिन्यात आहे?" वर्तमानपत्रात ते छापून आलं तेव्हा दवाखान्यात आम्ही पोट धरून हसलो होतो. मग भागीरथीच्या सुनेचं दुसरं बाळंतपण आलं. मूल पायाळू होतं, माझ्या हातचं राहिलं नव्हतं. भर दुपारी तिला टांग्यात घातलं आणि खाडीपलीकडच्या इस्पितळाकडे निघालो. तू होतीस बरोबर. तिचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय तुझ्या. खाडी यायच्या आधीच ती गेली. टांगेवाल्यानं घोडा थांबवून मागे पाहिलं. त्या दिवशी तू बेशुद्ध पडली नाहीस.

म्हणून तर आरेतल्या त्या दिवसाचा राग मला अजून येतो. दूध कॉलनी बघायला म्हणून बसनं गेलो होतो दोघी, टेकडीवर बसून गार दूध प्यायलो. तू म्हणालीस, "कमळे, मला उपसभापती करताहेत. बाईला कधी दिलं नव्हतं गं हे पद."

मी म्हटलं, "करत नाहीत, गप्प बसवताहेत."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"दिसणारच. तू खाली बसून प्रश्न विचारतेस म्हणून त्यांना घाम फुटतो. वर बसलीस की दुसऱ्यांचे प्रश्न ऐकशील. खुर्ची देतात आणि तोंड मागतात, सरळ सौदा आहे."

तू दुधाचा पेला खाली ठेवलास. मग म्हणालीस, "आज मी नाही म्हटलं तर पुढची वीस वर्षं म्हणतील, विचारलं होतं हो, बायकाच तयार होत नाहीत." मला हे पटलं नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि तुझ्याशी बोलले नाही. असं मी पुष्कळदा करायची. तू दरवेळी अंधेरीला उतरताना माझी पिशवी उचलून घ्यायचीस, की झालं, मिटलं.

खुर्ची तुला उंच झाली. पाय जमिनीला टेकेनात. पहिल्या दिवशी दोन तास पाय लोंबकळत ठेवून बसलीस आणि संध्याकाळी घोटे सुजले, ते मीच शेकले. दुसऱ्या दिवशी घरातला जेवणाचा पाट पिशवीत घालून विधानसभेत गेलीस. दारावरच्या शिपायानं विचारलं, "ताई, हे काय?" तू म्हणालीस, "माझे पाय." सभासदांना तुला काय म्हणावं तेच कळेना. सवयीनं म्हणायचे 'सभापती महाराज' आणि मग चपापून 'म्हणजे बाई'. एकानं तर 'बाईमहाराज' म्हटलं. सगळं सभागृह हसलं, तू हसली नाहीस. म्हणालीस, "पद महाराजांचं आहे, बसलेलं कोणीही असो. बोला." गॅलरीतून मला इतकं कौतुक वाटलं की आरेतला राग मी आठवडाभर विसरले.

आठवडाभरच. कारण प्रसूतिगृहाचा प्रश्न आता कोणी विचारेना. मी तुझ्याचकडून आणलेलं नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. तुला म्हटलं, "उपसभापतीला खाली बसून बोलता येतं. खुर्चीत नसशील तेव्हा बोल की." तू म्हणालीस, "येतं गं. पण आज खाली बसून भांडायचं आणि उद्या वर बसून त्यांच्यातच न्याय करायचा, हे मला जमणार नाही." पुस्तकात नसलेला नियम तू स्वतःला लावून घेतलास. पुरुषांनी तो कधी लावून घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तुला वाटायचं, बाईनं दुप्पट सरळ असलं तर निम्मं तरी मानतील. मला वाटायचं, ते काहीही मानणार नाहीत, तेव्हा आपलं काम तरी करून घ्यावं. हे भांडण आपलं अर्धवटच राहिलं.

मग तो शुक्रवार आला. शुक्रवारी दुपारी सरकारी काम नसतं, सभासद आपापले ठराव मांडतात, आणि म्हणून सभागृह अर्धं रिकामं असतं. विरोधी बाकावरच्या एकानं ठराव मांडला होता, उपनगरात सरकारी प्रसूतिगृह काढावं अशी शिफारस करणारा. सभापती गावाला गेले होते, खुर्चीत तू. गॅलरीत मी, भागीरथी आणि वाकोल्याच्या आणखी काही बायका, लुगडी नेसून, डबे बांधून आलेल्या. आपण माणसं मोजली होती. आपल्याकडची डोकी एकानं जास्त भरत होती.

मतं पडली ती समसमान. आपला एक माणूस कमी पडला. अशा वेळी खुर्चीतल्या माणसाला एक मत असतं. तू उभी राहिलीस. आमच्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. म्हणालीस, "सभागृह दुभंगलेलं असताना आहे ती स्थिती बदलू नये, असा खुर्चीचा संकेत आहे. माझं मत ठरावाच्या विरुद्ध." आवाज कापला नाही. जिचे पाय तुझ्या मांडीवर थंड पडले होते तिची सासू वर गॅलरीत बसली होती आणि तुझा आवाज कापला नाही.

भागीरथीनं माझा दंड धरला. "काय झाला गो?"

"पडला ठराव."

"कोणी पाडल्यान?"

आणि मी म्हटलं, "ताईंनी."

त्यानंतर संक्रांतीला तुझ्याकडे वाकोल्याहून कोणी आलं नाही. तू हळदीकुंकवाचं सगळं मांडून बसली होतीस म्हणे. तुझ्या यजमानांनी मला नंतर सांगितलं, दिवेलागणीपर्यंत तू दाराकडे तोंड करून बसली होतीस आणि मग तिळगूळ डब्यात भरून ठेवलास. मीही आले नाही. मी आले ती त्याआधी, ठराव पडल्यानंतरच्या रविवारी, भांडायला. तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मी तुला काय काय बोलले ते माझं मलाच आठवतंय. खुर्चीची लाचार म्हटलं. पाटावर पाय ठेवून बायकांच्या मढ्यावर बसलीस म्हटलं. तू वाटाणे सोलत होतीस.

मी ओरडले, "खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊन खाली यायचं होतंस. खुर्ची तात्पुरती सांभाळणाऱ्यांच्या तालिकेवर नावं होती की. खाली येऊन साधं मत द्यायचं होतंस."

"आपल्या भागाचा ठराव आला म्हणून खुर्ची सोडून पळाली, असं म्हणाले असते."

"म्हणू दे ना मग. म्हणून काय झालं असतं?"

तू वाटाण्याची एक शेंग उकललीस. म्हणालीस, "कमळे, मला एकच सांग. आपली माणसं मोजून बरोबर होती ना?"

मी म्हटलं, "तुमच्या पक्षाच्या माणसांचा काय भरवसा," आणि चपला घालून निघाले.

त्या दिवशी तू माझी पिशवी उचलायला आली नाहीस.

आता सांगते, वत्सले. कमी पडलेला माणूस केरकर होता, मालाडचे ते नवे आमदार. आणि त्यांना बाहेर बोलावलं होतं मी. आरोग्याचे मंत्री भाषणात म्हणाले, इस्पितळ आहे, पण उपनगरातल्या अडाणी बायकाच तिथे येत नाहीत. माझं डोकं फिरलं. केरकर अजून बोलायचे होते. त्यांना टांग्याची हकिगत नीट सांगावी, त्यांनी ती मंत्र्याच्या तोंडावर फेकावी, म्हणून मी शिपायाच्या हाती चिठ्ठी धाडून त्यांना लॉबीत बोलावलं. बिचारे आले. मी सांगत सुटले. माझं सांगणं आटोपशीर कधी असतं? मध्येच घंटा वाजायला लागली. केरकर म्हणाले, "बाई, घंटा होतेय, जायला हवं." दुपारी माणसं कमी भरली म्हणून अशीच घंटा एकदा झाली होती. मी, पुस्तक पाठ केलेली बाई, ठसक्यात म्हणाले, "ही कोरमची घंटा हो. माणसं गोळा करताहेत. अजून पुष्कळ वेळ आहे." ते नवे होते, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. घंटा मतदानाची होती. ती थांबली आणि आमच्या देखत दारं लागली. मतदान संपेपर्यंत ती उघडत नाहीत, हे मात्र पुस्तकात होतं तसंच झालं.

मी जिना चढून गॅलरीत पोचले तेव्हा मोजणी चालली होती. भागीरथीनं विचारलं तेव्हा मला धाप लागलेली होती. दोन शब्दांत खरं सांगता आलं असतं, 'मी पाडला.' मी 'ताईंनी' म्हणून बोट तुझ्याकडे केलं, कारण तू समोर बसलेली होतीस, उंचावर, सगळ्यांना दिसेल अशी.

आणि एकदा बोट दाखवल्यावर मला ते खाली घेता येईना. जेवढं मन खायचं तेवढी मी तुझ्यावर जास्त चिडायची. चाळीत गेले की बायका विषय काढायच्या आणि मी तिखटमीठ लावून बोलायची. तू आजारी पडलीस, हवापालटाला खाडीपलीकडे मनोरीला नेलं, ते कळलं. मी अलीकडच्या मार्व्याच्या धक्क्यापर्यंत आले होते, वत्सले. तुला आवडतो तसा आल्याचा पाक केला होता. होडी लागलेली होती, कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, नावाडी म्हणाला, "बाय, येतंस का? सोडतंय." मी मान हलवली आणि परत फिरले. मला वाटलं, पलीकडे गेले तर तू पुन्हा विचारशील, माणसं मोजून बरोबर होती ना. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं ठरवलं. तू पुढच्या आठवड्यापर्यंत थांबली नाहीस.

परवा शोकसभा संपल्यावर केरकर माझ्यापाशी आले. किती वाळलेत. म्हणाले, "बाई, एक गोष्ट मनात आहे. त्या शुक्रवारी संध्याकाळीच ताईंनी मला चेंबरमध्ये बोलावलं होतं. विचारलं, चिठ्ठी कोणाची होती. वरून त्यांनी मला उठून जाताना पाहिलं होतं. मी तुमचं नाव सांगितलं, घंटेचंही सांगितलं."

मी विचारलं, "मग?"

"म्हणाल्या, हे पुन्हा कोणापाशी बोलू नका. ती चाळीचाळीतून फिरते, तिच्यावर बायकांचा विश्वास राहायला हवा. माझं काय, मी वर बसणारी."

म्हणजे रविवारी मी तुझ्या स्वयंपाकघरात आले तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मी तोंडाला येईल ते बोलत होते आणि तू वाटाणे सोलत होतीस. तो एक प्रश्न विचारलास तो मला दार उघडून द्यावं म्हणून, आणि मी खोटं बोलून निघून गेले. संक्रांतीला तू दिवेलागणीपर्यंत बसलीस तेव्हाही तुला ठाऊक होतं. मला याचा इतका संताप आलाय की काय सांगू. कोणी सांगितलं होतं तुला माझी अब्रू सांभाळायला? तुझी कोणी सांभाळली?

आज सकाळी मी वाकोल्याला गेले. भागीरथी दारात तांदूळ निवडत होती, नातू बाजूला खेळत होता, तुझ्या-माझ्यासमोर जन्मलेला तो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिठ्ठी, घंटा, दारं, केरकर, सगळं. शेजारच्या दोघीतिघी येऊन ऐकत उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, शिव्या घालतील, सूप फेकून मारतील. भागीरथीचे हात तेवढे थांबले.

"ताईक ह्या ठाऊक होता?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि ती काय एक बोलली नाय?"

"नाही."

तिनं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "संक्रांतीक तिना माणूस धाडल्यान होता आमका बोलवूक. मी त्येका दारातसून परत पाठवलंय." डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या तिच्या जित्यापणी सांगूचा होता, बाय."

  वत्सले, एवढं सभागृह तू ताळ्यावर आणलंस, मंत्र्यांना खाली बसवलंस, माझ्यावर एकदा ओरडायला तुला काय झालं होतं? 'कमळे, तुझ्यामुळे पडला तो ठराव,' एवढं एकदा म्हणायचं होतंस गं. मी रडले असते, भांडले असते, आणि त्याच संध्याकाळी वाकोल्याला जाऊन सांगून आले असते.